नट चढला म्हणजे आवळला असे नव्हे

गळीत हंगाम तोंडावर आला की कारखान्यावर दोन गोष्टींची गडबड सुरू होते. एक यंत्रांच्या दुरुस्तीची आणि दुसरी सभासदांच्या तक्रारींची. यंदा तक्रारींत एक नवी भर पडली आहे. ऊस वाहतुकीच्या प्रत्येक ट्रकची, ट्रॅक्टरची आणि ट्रॉलीची हंगामापूर्वी तपासणी व्हावी, तीत चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि ट्रॉलीच्या दांडीचे बोल्ट पाहावेत, आणि आट्याला आटा जुळत नसेल तर ते वाहन गव्हाणीकडे सोडू नये, अशी सूचना पुढे आली आहे. त्यावर पारावर आणि वजनकाट्यावर बोलणे चालू आहे. ‘आता नट-बोल्टालाही दाखला लागणार काय?’ असे कोणी म्हणतात. कोणी म्हणतात, ‘नट तो नट. बसला की झालं. आमच्या वाडवडिलांनी कधी आटे मोजले होते?’

खरे सांगायचे तर आमचे मतही परवापरवापर्यंत याहून फारसे निराळे नव्हते. ते कसे बदलले हे आधी सांगतो, आणि मग या सूचनेला आमचा पाठिंबा का, ते सांगतो.

आपल्या भागातले पुष्कळ सभासद हंगाम संपल्यावर गाड्या नुसत्या उभ्या ठेवीत नाहीत. गूळ, बटाटा, कांदा भरून महाबळेश्वरावरून आंबेनळी घाट उतरतात, पोलादपूर-महाडच्या बाजारात माल टाकतात आणि येताना गुरांसाठी भाताचा पेंढा घेऊन येतात. गेल्या वैशाखात अशाच एका सभासदबंधूंच्या टेम्पोतून आम्ही खाली निघालो होतो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मागच्या पाट्यांच्या यू-बोल्टाचा एक नट गायब असल्याचे दिसले. दुकाने बंद झाली होती. आमच्या घरी जुन्या नट-बोल्टांचा पत्र्याचा डबा आहे, तसा तो तुमच्याही घरी असेलच. त्या डब्यातून एक नट आम्हीच शोधून दिला. चोवीस नंबरचा पाना त्याला बरोबर बसला. नट पहिला एक वेढा हाताने गेला, पुढे अडला. गंज असेल म्हणून पान्याला पाइप लावला आणि दोघांनी मिळून ओढला. नट असा करकचला की पाना पुढे सरकेना. आम्ही हात झटकले आणि म्हणालो, ‘आता गाडी मोडेल, पण हा नट सुटायचा नाही.’

नट सुटला नाही हे खरेच. पण वाडा कुंभरोशी मागे पडल्यावर टेम्पो डावीकडे ओढू लागला. कापडे गावाच्या अलीकडे एका वळणावर मागून ‘खाड्’ असा आवाज झाला. ड्रायव्हर पोरगा हुशार, त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घातली आणि थांबवली. उतरून पाहतो तो पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटलेला आणि मागचा एक्सल एका बाजूने चार बोटे सरकलेला. दुसऱ्या अंगाला दरी होती. त्या दिवशी आम्ही कोणाला फार बोललो नाही.

गाडी हळूहळू पोलादपुरात एका मिस्त्रीकडे नेली. वयस्क माणूस, चष्म्याला दोरी बांधलेली. त्याने यू-बोल्टाकडे पाहिले, नटाला पाना लावला, आणि काही न बोलता छिन्नी-हातोडा घेतला. नट फोडून काढल्यावर त्याने बोल्ट आमच्यापुढे धरला. त्याच्या आट्यांची पार जिलबी झाली होती.

‘हा नट कुणी लावला वो?’ त्याने विचारले. आम्ही मान खाली घातली.

‘बोल्ट बारीक आट्याचा, नट जाड आट्याचा. नट घट्ट झाला, पण पाटे मोकळेच राहिले. तुम्ही नट बोल्टात रुतवला, पाट्यांवर नाही आवळला.’

या दोन वाक्यांत सगळे आले. पण ते आमच्या ध्यानात यायला वेळ लागला, तेव्हा तुम्हालाही नीट उलगडून सांगितले पाहिजे.

उसाची मोळी आपण वाढ्याने बांधतो. मोळीला धरून कोण ठेवते? गाठ नव्हे. वाढ्यातला ताण धरतो. गाठीचे काम एवढेच की तो ताण निसटू द्यायचा नाही. वाढे सैल ठेवून गाठ कितीही करकचून मारली तरी खांद्यावर घेताच मोळी फिसकटते. बोल्टाचे तसेच आहे. नट फिरवला की बोल्ट कणभर ताणला जातो, आणि तो ताणच पाटे आणि एक्सल एकमेकांवर दाबून धरतो. नट ही नुसती गाठ. आमच्या नटाची गाठ घट्ट होती, कारण त्याचे आटे बोल्टाच्या आट्यांत घुसून तिथेच अडकले होते. बोल्टात ताण मात्र नव्हता. म्हणून पाटे हलले, सगळा भार बिचाऱ्या सेंटर बोल्टावर आला, आणि तो कापला गेला. त्याचे काम पाटे एका रांगेत ठेवण्याचे, ओझे पेलण्याचे नव्हे.

आता जाड आटा आणि बारीक आटा म्हणजे काय? दोन्ही बोल्ट सोळा मिलिमीटरचेच. दोन्ही नटांना चोवीसचाच पाना लागतो. फरक आहे तो एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतच्या अंतरात. सोळाच्या जाड आट्याच्या बोल्टात हे अंतर २ मिलिमीटर असते, बारीकमध्ये, ज्याला गॅरेजवाले ‘फाइन’ म्हणतात त्यात, बहुधा दीड मिलिमीटर. म्हणजे १२ मिलिमीटर पुढे जायला जाड आट्याचा नट सहा वेढे घेतो, बारीकचा आठ.

मिस्त्रीने हे आम्हाला घाटाच्या भाषेत समजावले. आटा म्हणजे खांबाभोवती गुंडाळलेला घाटरस्ताच. आम्ही नंतर हिशेब केला. सोळाच्या जाड आट्याचा चढ साधारण तेवीस हातांत एक हात पडतो, बारीकचा एकतीस हातांत एक. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरांच्या आसपास आणि पोलादपूर अगदी पायथ्याशी. मधला रस्ता सुमारे चाळीस किलोमीटरांचा. त्याचा सरासरी उतारही जवळपास तीसात एकच येतो. म्हणजे बारीक आटा हा आंबेनळीसारखा, वळणे जास्त पण चढ सौम्य. जाड आटा म्हणजे मधली पायवाट. लवकर पोचवते, पण पाय घसरायचा तोही तिथेच.

यावरून बारीक आट्याचे गुण आपोआप कळतात. पहिला गुण असा की चढ कमी म्हणून नट उलटा घसरण्याची ओढ कमी. दुसरा गुण ताकदीचा. आटा बारीक म्हणजे खाच उथळ. जाड आट्यात खाच सव्वा मिलिमीटरच्या आसपास खोल जाते, बारीकमध्ये एक मिलिमीटरहून कमी. त्यामुळे बोल्टाच्या पोटात लोखंड जास्त उरते. ताण सोसणारे क्षेत्रफळ सोळाच्या जाड बोल्टात १५७ चौरस मिलिमीटर धरतात, बारीकमध्ये १६७. वीस मिलिमीटरच्या बोल्टात ते २४५ आणि २७२ आहे, म्हणजे एकाच पोलादाचा बोल्ट असूनही बारीक आट्यात दहा-अकरा टक्के ताकद जास्त. तिसरा गुण असा की नट थोडा थोडा सरकवता येतो, म्हणून चाकाच्या हबमधील बेअरिंग जिथे केसाइतके नेमके बसवायचे असते तिथे बारीक आटाच लागतो. ट्रकच्या चाकांचे स्टड, पाट्यांचे यू-बोल्ट, इंजिनातील कनेक्टिंग रॉडचे बोल्ट बहुधा बारीक आट्याचे असतात ते उगीच नव्हे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बारीक आटा लावला म्हणजे नट कधी सुटायचाच नाही, असे नाही. नुसत्या उभ्या ओझ्याखाली दोन्ही आटे आपणहून सुटत नाहीत, कारण दोन्हींच्या चढापेक्षा घर्षणाची धर मोठी. नट सुटतो तो आडव्या हिसक्यांनी. युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगाने हे दाखवून दिले. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की आट्यांतले घर्षण जणू नाहीसे होते आणि नट हिसक्यागणिक उलटा फिरतो. ते भाग सरकूच नयेत एवढा ताण बोल्टात असला तर नट सुटत नाही. आपला भरवसा असतो स्प्रिंग वायसरवर. पण ज्या बोल्टात ताण नाही त्याला नुसती स्प्रिंग वायसर तारीत नाही, हेही अशा प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे गोष्ट पुन्हा मोळीवरच आली. ताण महत्त्वाचा.

मग कोणी म्हणेल, बारीक आटा एवढा गुणी आहे तर सगळीकडे तोच वापरू या. आम्हीही मिस्त्रीला हेच म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, ‘महाडात चाललाच आहात, तिथे पुराचं विचारा.’

टेम्पोला नवे यू-बोल्ट आणि नवे नट चढवून आम्ही दुसऱ्या दिवशी महाडला गेलो. महाड हे सावित्री आणि गांधारी नद्यांच्या काठचे गाव. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आगेमागे पाऊस. २२ जुलै २०२१ रोजी तिथे जो पूर आला तो सगळ्यांच्या स्मरणात आहे. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे घेतली, आंबेनळी घाट बंद पडला. त्या दुःखापुढे नट-बोल्टाची कथा ती काय! पण पाणी ओसरल्यावर जगायचे तर गिरणी चालली पाहिजे, पंप चालला पाहिजे, गाडी चालली पाहिजे. बाजारपेठेत चिखलाचा थर साचला होता, आणि जे जे लोखंडाचे ते सगळे त्याखाली होते.

महाडच्या एका फिटरने आम्हाला त्या दिवसांचे सांगितले. ‘पंपाच्या बैठकीचे, गिरणीच्या सांगाड्याचे जाड आट्याचे बोल्ट डिझेल सोडून, ठोकून बरेचसे सुटले. ब्रशने गाळ काढला की पुन्हा चढले. बारीक आट्याचे जिथे जिथे होते, तिथे छिन्नी नाहीतर गॅस.’

याचे कारण सरळ आहे. लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. बारीक आट्यात मोकळी जागा थोडी, वेढे जास्त, म्हणजे गंजाला धरायला जागोजाग पकड. गाळाचे चार कण शिरले तरी नट अडतो. उथळ आट्याला ठोकर लागली की तो दबतो आणि मग नट तिरका चढतो. जाड आट्याला एवढे तेवढे लागले तरी तो खपवून घेतो. शिवाय घाईच्या कामात तो लवकर चढतो-उतरतो. आणखी एक गोष्ट. बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या अंगात आटा पाडायचा असेल तर जाडच पाडावा, कारण नरम किंवा ठिसूळ धातूत बारीक आट्याचे दात पटकन सोलून निघतात. म्हणून इंजिनाच्या बिडात बसणारे स्टड पुष्कळदा एका टोकाला जाड आणि नटाच्या टोकाला बारीक आट्याचे केलेले आढळतात. करणाऱ्याने एकाच बोल्टात दोघांना आपापली जागा दिली, हे आम्हाला फार आवडले.

तेव्हा कोण श्रेष्ठ, हा प्रश्नच चुकीचा. शेतात, चिखलात, पावसात, रोज उघडझाप करायच्या ठिकाणी जाड आटा. नांगर, मोगडा, ट्रॉलीचा सांगाडा, पंपाची बैठक, आपल्या कारखान्यातील गव्हाणीच्या साखळीच्या पट्ट्या, जिथे रस आणि चिपाडाचा भुगा सतत बसतो, तिथे जाडच बरा. चाक, पाटे, हब, इंजिन, जिथे हिसके आहेत, ताण मोठा आहे, आणि स्वच्छ हाताने, बेताने आवळायला सवड आहे, तिथे बारीक. बैल आणि रेडा दोघेही गुणाचे. एका जुवाला जुंपले म्हणजे मात्र दोघेही वाया.

आणि खरा घोळ तिथेच आहे. आपल्याकडे ही आड-जोडी होते कशी? त्याला थोडा इतिहास आहे. पूर्वी प्रत्येक कारखान्याचा आटा निराळा असे. एका लोहारशाळेचा नट दुसरीच्या बोल्टाला बसत नसे. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणचे नमुने जमवून १८४१ मध्ये पंचावन्न अंशाच्या कोनाचा एक आटा सुचवला. तोच पुढे साहेबाबरोबर आपल्याकडे आला. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये साठ अंशाचा निराळा आटा मांडला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडने व्हिटवर्थच्या जोडीला बारीक आट्याची मापे ठरवली. दुसऱ्या महायुद्धात एकाचे सुटे भाग दुसऱ्याला बसेनात तेव्हा दोघांचे डोळे उघडले, आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये इंग्लंड, अमेरिका व कॅनडा यांनी इंचाचा एक सामाईक आटा मान्य केला. आपण १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, आणि आज भारतीय मानकात मिलिमीटरचे आटे जाड-बारीक अशा मापांनी ठरवून दिलेले आहेत.

कायदा बदलला, पण डबा बदलला नाही! आपल्या घरच्या डब्यात आजोबांच्या तेलाच्या इंजिनाचा व्हिटवर्थ नट असतो, जुन्या ट्रॅक्टरचा इंचाचा बारीक बोल्ट असतो, आणि नव्या ट्रॉलीचा मिलिमीटरचा असतो. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा बोल्ट घ्या. व्हिटवर्थमध्ये त्याला इंचाला बारा आटे, नंतरच्या सामाईक जाड आट्यात तेरा, आणि बारीकमध्ये वीस. हाताला तिन्ही सारखेच लागतात. बारा मिलिमीटरचा बोल्ट अर्ध्या इंचाच्या नटात ढिला ढिला आत जातो. ‘बसला रे!’ म्हणून आपण खूश होतो. प्रत्यक्षात आटे एकमेकांना जेमतेम नखाने धरून असतात. एक अडकून फसवतो, दुसरा सैल जाऊन फसवतो.

त्यातून बोल्टाच्या डोक्यावर सगळे लिहिलेले नसते. ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो, तो पोलादाच्या ताकदीचा. ८.८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत ताण सोसून मग तुटणारा, आणि त्याच्या ऐंशी टक्क्यांवर कायमचा ताणला जाणारा. आट्याचे अंतर मात्र डोक्यावर बहुधा नसते. दुकानात नट किलोवर मिळतात, पोत्यातून पोत्यात सांडतात. पाना तोच बसतो. तेव्हा पान्यावर विसंबून राहणारा माणूस फसणारच, जसे आम्ही फसलो.

आता तपासणीवर जे आक्षेप आहेत त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप खर्चाचा. ‘दहा-वीस रुपयांच्या नटासाठी गाडी अर्धा दिवस अडवून ठेवायची काय?’ आमचा उलटा प्रश्न असा, की दहा-वीस रुपयांच्या नटासाठी आम्ही कापडे गावाजवळ दरीच्या कडेला उभे होतो, त्याची किंमत कोणत्या खात्यावर टाकायची? हंगामात भरलेली ट्रॉली रस्त्यात आडवी झाली तर मागे उभ्या दहा ट्रॉल्यांचा ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, उतारा घटतो. हे नुकसान ट्रॉलीवाल्या एकट्याचे नसते, मागे उभ्या प्रत्येक सभासदाचे असते. आणि शाळेची पोरे त्याच रस्त्याने जातात, हे बोलून दाखवायला नको.

दुसरा आक्षेप, ‘आमच्या गाडीला काही झालं नाही आजवर.’ नसेल झाले. सपाट रस्त्यावर वीस वर्षे न झालेले घाटाच्या एका उतारावर होते. आमचा नटही आमच्या शिवारात महिनाभर टिकला असता.

तिसरा उपाय काही हुशार मंडळी सांगतात, ‘नट वेल्डिंगनं डागून टाका, कटकट मिटली.’ हे तर सर्वांत वाईट. उंच ताकदीचा बोल्ट तापवून आणि विझवून, ठरावीक पाणी देऊन तयार केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने ते पाणी उतरते. विळ्याचे पाणी गेल्यावर तो ऊस कापतो काय? मग बोल्टाने तरी भार का पेलावा? शिवाय डागलेला नट पुन्हा आवळता येत नाही, आणि पाटे तर बसतात, दबतात, त्यांना आवळावे लागतेच.

चौथा आक्षेप मात्र आम्हाला मान्य आहे. ‘आमची ट्रॉली तपासण्याआधी कारखान्यानं स्वतःचं स्टोअर तपासावं.’ अगदी रास्त. ज्याच्या घरात इंच आणि मिलिमीटर एका खणात पडलेले आहेत त्याने दुसऱ्याला शहाणपण शिकवू नये. वेगवेगळ्या वर्षांची यंत्रे असलेल्या कारखान्यात सगळे आटे एका जातीचे करता येत नाहीत, हे खरे. पण खण वेगळे करता येतात, रंगाचे पट्टे मारता येतात, आणि गेजशिवाय नट बाहेर द्यायचा नाही एवढा नियम पाळता येतो. दुरुस्तीचे काम चालू आहे तोवरच हे व्हावे, अशी आमची संचालक मंडळाला विनंती आहे. तपासणी आधी कारखान्याची, मग सभासदाची.

सभासदांनी करायचे ते फार नाही. पोराच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या. बोल्टावर ठेवून दहा आट्यांची लांबी मोजा. सोळाच्या बोल्टावर ती २० मिलिमीटर भरली तर आटा जाड, १५ भरली तर बारीक. पट्टी नसेल तर माहीत असलेला एक बोल्ट आणि संशयातला दुसरा बोल्ट एकमेकांना आडवे लावून उजेडाकडे धरा. दाते एकमेकांत बसले आणि मधून उजेड दिसला नाही, तर बहुधा एका घरचे. दिसला तर परके. मग नट हाताने चढवा. आटा स्वच्छ असेल तर तीन-चार वेढे नुसत्या बोटांनी गेलेच पाहिजेत. एका वेढ्यात अडला तर पाना उचलू नका, नट बदला. हा एक नियम आम्ही त्या संध्याकाळी पाळला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. नुसत्या सैलपणानेही भुलू नका, चढलेला नट हातात धरून हलवून पाहा. खडखडला तर तोही परकाच.

चाक काढून बसवले असेल तर नट समोरासमोर, चांदणीसारख्या क्रमाने आवळा, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी पळाल्यावर पुन्हा एकदा पाना फिरवा. काही जुन्या गाड्यांना डाव्या चाकांना उलटे आटे असतात, तिथे जोर करण्याआधी पाहून घ्या. आणि घरचा तो पत्र्याचा डबा एका दुपारी अंगणात ओता, पोरांना सोबत घ्या, आणि इंचाचे, मिलिमीटरचे, जाड, बारीक असे चार डबे करा. पोरांनाही दशमान पद्धत शाळेपेक्षा बरी समजेल.

आम्ही आमचा डबा ओतला. त्यात अडीचशेच्या वर नट निघाले. ज्या खणातून आम्ही त्या संध्याकाळी नट काढला होता, त्याच खणात, गंजलेल्या वायसरांखाली, दीड मिलिमीटरचा बरोबर बसणारा नट पडलेला होता. आम्ही तो पाहिला नव्हता, कारण पहिला हाताला लागला तोच पान्यात बसला, आणि आम्ही समाधान मानले.

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, या सूचनेवर सभेत मत देताना एवढेच ध्यानात असू द्या. कोणी तुमच्या ट्रॉलीचा नट काढून पाहू लागला तर तो तुमच्यावर अविश्वास दाखवीत नाही. गाठ पाहून न थांबता तो मोळी हलवून पाहतो आहे.